दोन बोटं कमी

मित्रांनो, मी कापड मोजायचा एक जुना लाकडी गज आहे. खरं सांगायचं तर आता मी पुरता गजही उरलेलो नाही. ते कसं झालं, तेच तुम्हांला सांगतो.

सुताराने मला शिसवाच्या लाकडातून घडवलं, अंगावर सोळा खुणा कोरल्या आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या. मग मी एका शिंप्याच्या दुकानात आलो. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मापाच्या बाबतीत मास्तर भलतेच काटेकोर होते. मला भिंतीला टेकवून ठेवलेलं त्यांना खपत नसे, लाकूड वाकतं म्हणून. मशीनवर त्यांच्या पत्नी बसत, त्यांना सगळे बाई म्हणत. दुकानासमोरचा रस्ता थेट दूरच्या डोंगरावरच्या देवस्थानाला जायचा. बावीस दिवसांची पायवाट. "एवढे कपडे हातावेगळे झाले, की आपण दोघं निघूच," असं मास्तर दरवर्षी म्हणायचे. कपडे काही संपले नाहीत, मास्तर मात्र एका हिवाळ्यात गेले.

दुकानाला कुलूप लागलं. अंधारात खुंटीला लटकून मी धूळ खात पडलो.

एका सकाळी बाईंनी कुलूप उघडलं आणि मला बाहीने पुसलं.

"आई, बाजारात चांगल्या हलक्या काठ्या मिळतात," मुलगी म्हणाली.

"हलकी नको, ओळखीची हवी. ते आले नाहीत, त्यांचा गज तरी नेते."

त्या देवस्थानाच्या शेवटच्या पायरीपाशी प्रत्येक यात्रेकरू आपली काठी ठेवून येतो. बाई मला तिथे ठेवणार होत्या आणि परतल्यावर दुकान कायमचं सोडणार होत्या. मला कुणी विचारलं नाही. गजाला कोण विचारतो?

बाई ठेंगण्या, म्हणून काठीच्या जागी मी त्यांना अगदी बेताचा झालो. पण सवय जाते कुठे! मला जमिनीला टेकवलं, की त्या पुटपुटायच्या, "एक गज... दोन गज..." पहाटेच्या धुक्यात रस्ता कापडाच्या ठाणासारखा पुढे पुढे उलगडत जायचा. कधीकधी मला वाटे, मोजणारा आवाज मास्तरांचाच आहे. तिसऱ्या दिवशी माझी खालची टोपी खडकात निसटली. मला कळलं, पण सांगणार कसा? लाकूड थेट रस्त्याला लागलं. दुखलं मात्र नाही. मी थोडाथोडा धुळीत मिसळत होतो आणि मला गोड पेंग येत होती.

अठराव्या दिवशी बाईंचा घोटा सुजला. एका दूधवाल्याने गाडी थांबवली.

"बसा मावशी, संध्याकाळच्या आत पायथ्याशी सोडतो."

बाईंनी गाडीच्या कडेला हात टेकला, पण लगेच मागे घेतला. मग म्हणाल्या, "नको रे बाबा. मधलं कापड सोडून पुढचं मोजलं, तर माप चुकतं."

उरलेली वाट त्यांनी लंगडत मोजली. बावीसचे पंचवीस दिवस झाले, पण पोचल्या. पायरीपाशी काठ्यांचा ढीग होता. बाईंनी माझी वरची टोपी कुरवाळली, मला त्यात ठेवलं आणि आत गेल्या. मला फार एकटं वाटलं. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि माझ्याकडे न बघताच उतरू लागल्या. चार पावलांवर त्यांचा हात आपोआप पुढे झाला. "एक..." म्हणाल्या आणि थबकल्या. हातात काहीच नव्हतं.

त्या माघारी फिरल्या.

"मावशी, ठेवलेली काठी परत नेत नाहीत," पहारेकरी म्हणाला.

"काठी नाही हो दादा, तो गज आहे."

"मग?"

"मग काय! दुकान उघडून कापड मोजू कशाने?"

आपण काय बोलून गेलो, हे कळून बाई स्वतःच दचकल्या. पहारेकऱ्याने डोकं खाजवलं. "गज ठेवायची रीत तर आमच्याकडे नाहीच," असं म्हणत त्याने मला ढिगातून काढून दिलं.

दुकान उघडलं. पहिलं काम बेकरीवाल्याच्या पडद्यांचं होतं. बाईंनी माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि दोन-दोन गज कापड फाडलं. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला पडदे घेऊन हजर. "काकू, माझी खिडकी वाढली की काय? चार बोटं उघडी राहतेय!"

बाईंनी मला टेप लावली. मी दोन बोटं कमी भरलो. त्या मटकन खाली बसल्या आणि मास्तर गेल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसल्या. हसता हसता डोळे भरून आले. "मास्तर असते तर दोघांची हजेरी घेतली असती," मला म्हणाल्या. "पण त्यांचं एवढं तरी त्या वाटेला लागलं रे."

पडद्यांना खाली निळी पट्टी जोडली गेली. मुलगी नवा गज आणते म्हणाली, पण बाईंनी आणू दिला नाही. आता त्या मला कापडावर ठेवतात आणि माझ्या झिजल्या टोकापाशी आपली दोन बोटं टेकवून गज पुरा करतात.

मित्रांनो, वस्तू झिजतात, माणसंही झिजतात. झिजलेल्याला चटकन टाकून देऊ नका. किती कमी पडतंय ते नीट बघा आणि तेवढी आपली बोटं लावा.