वाणातलं कार्ड

संक्रांतीचं वाण नाकारायचं नसतं, हे सुमतीला कोणी शिकवायला नको होतं. समोरची सवाष्ण हातात ठेवील ते घ्यायचं, साबणदाणी असो की चहाचं गाळणं, आणि नाकं मुरडायची ती घरी जाऊन. पण वाण म्हणून कोणी क्रेडिट कार्ड देईल, असं तिच्या सात पिढ्यांत कोणाला वाटलं नसेल.

ते दिलं नेत्राने. नेत्रा त्यांच्याच बिल्डिंगमधली, वरच्या मजल्यावरची. लग्न होऊन भिवंडीत आली तेव्हा बाईसाहेबांना साधा कुकर लावता येत नव्हता. सुमतीने हाताला धरून सगळं शिकवलं. बाळंतपणात तिची आई गावाहून येईपर्यंत दवाखान्यात उशाशी बसली ती सुमतीच, आणि डिंकाचे लाडू वळले तेही तिनेच. "काकू, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं," हे नेत्राचं पालुपद. आणि खोटं कशाला बोला, सुमतीला ते ऐकायला गोड लागायचं. पोटी मुलगी नव्हती ना.

सुमती शाळेच्या ऑफिसात क्लार्क. दाखला असो, स्कॉलरशिपचा फॉर्म असो, आळीतल्या कोणाचाही कागद आधी तिच्या डोळ्यांखालून जायचा. सुमतीबाईंनी बघितलंय ना, मग डोळे मिटून सही करा, असं लोक बोलायचे. पगार काय, येतो नि जातो. तिची खरी कमाई ती ही.

सखी अशीच एका कागदापायी तिच्याशी जोडली गेली. अकलोलीकडच्या पाड्यावरची बाई, वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला. नवऱ्याचं, जान्याचं, काम कधी असे कधी नसे, म्हणून घर हिच्या शिफ्टवर चालायचं. पोरगा दर्शन सुमतीच्या शाळेत. त्याच्या जातीच्या दाखल्यासाठी सुमतीने तिच्याबरोबर तहसीलच्या खेपा घातल्या, तेव्हापासून सखी लाइटचं बिलसुद्धा आधी हिला दाखवायची.

तर यंदा नेत्राने थाटात हळदीकुंकू केलं. ती एका बँकेची कार्डं विकायची, महिन्याचं टार्गेट डोक्यावर. आठवडाभर आधी येऊन म्हणाली, काकू, तुमच्या ओळखीच्या नोकरीवाल्या बायका असतील तर त्यांनाही आणा. सुमतीला केवढं कौतुक वाटलं. पोरीचं मन बघा किती मोठं, ओळख ना पाळख तरी बोलावतेय. हरी, म्हणजे सुमतीचा नवरा, पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "फुकट ते पौष्टिक, जाऊन या." सुमतीने शाळेतल्या दोघींना सांगितलं आणि सखीलाही नेलं. सखी बिचारी लग्नातलं लुगडं नेसून आली होती.

नेत्राने सुमतीला पहिल्या पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, स्टीलचा डबा दिला आणि वर टॅब पुढे केला. कार्ड आयुष्यभर फुकट, पन्नास दिवस वापरा, व्याज नाही, फक्त बोटाने सही करा. सुमतीचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. आधी वाचते, म्हणाली.

"अहो काकू, वाण काय वाचून घेतात का?"

सगळ्या बायका हसल्या. सुमतीही हसली, आणि जिने उभ्या आयुष्यात दुसऱ्याची रेशनची पावतीही वाचल्याशिवाय परत दिली नव्हती, तिने स्वतःची सही न वाचता ठोकली. आपल्या माणसाच्या हळदीकुंकवात चष्मा लावून अटी वाचत बसायच्या, हे बरं का दिसतं? तिच्यामागे बाकीच्यांनी केल्या. सखीनेही केली.

सुमतीचं कार्ड आलं तसं पाकिटासकट कपाटात गेलं. सखीचं मात्र वापरात आलं. मे महिन्यात एका रविवारी सकाळी ती दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला, हातात बँकेचा कागद. पाड्यावरच्या घरावर नवे पत्रे टाकायचे होते, म्हणून तिने कार्डावर एटीएममधून पंधरा हजार काढले होते. पन्नास दिवसांचा हिशोब बोटांवर ठेवून, ओव्हरटाइम करकरून, मुदतीच्या आत पैन् पै भरली होती. तरी बँक आणखी मागत होती. बँकेचीच चूक असेल म्हणून ती गप्प राहिली, तर बाकी वाढत गेली, आणि आता वसुलीवाले थेट गोडाऊनच्या सुपरवायझरला फोन करत होते. अजून एक फोन आला तर शिफ्टला येऊ नको, असं त्याने तिला तोंडावर सांगितलं होतं.

सुमतीने तिला बसवलं. हरीला चहा टाकायला लावला आणि कपाटातून स्वतःच्या कार्डाचं पाकीट काढलं. आत अटींचं चोपडं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. पन्नास दिवसांची सवलत फक्त दुकानातल्या खरेदीला. रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून, आणि काढण्याचा आकार वेगळा. आयुष्यभर फुकट म्हणजे वर्षाला ठरावीक लाखांचा खर्च केला तर, नाहीतर दुसऱ्या वर्षापासून फी. सगळं छापलेलं होतं. सुमतीची कानशिलं तापली. आलेच, म्हणाली आणि वर गेली.

नेत्रा मेथी निवडत होती. सुमतीने सगळं सांगितलं आणि एवढंच मागितलं, की खाली चल, सखीला सांग की रोख पैशाचं मी बोलले नव्हते. मग आपण तिघी बँकेत जाऊ. नेत्राने भाजीवरून हात काढला नाही. असं लिहून-बोलून कबूल केलं तर तिची नोकरी जाईल, म्हणाली. आणि अटी तर टॅबवर होत्याच, कोणी डोळे बांधले नव्हते.

"तू स्वतः हेच कार्ड वापरतेस?" सुमतीने विचारलं.

नेत्रा पुटपुटली की तिचं दुसऱ्या बँकेचं आहे. चार कार्डांच्या अटी ताडून बघून घेतलेलं.

"आणि आम्हाला हे?"

"काकू, आता आडपडदा नको." नेत्राचा आवाज चढला. "तुम्हाला पहिल्या पाटावर का बसवलं? तुमची सही बघितली की बाकीच्या विचारत नाहीत. मला त्या महिन्यात टार्गेट गाठायचं होतं. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत?"

बाई गं. मान म्हणून पाटावर बसवलंय, असं सुमती समजत होती आणि तिथे गळाला लावलेलं गांडूळ होती ती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तिला खूप काही बोलायचं होतं. लाडू काढायचे होते, दवाखाना काढायचा होता. त्यातलं काही न काढता ती रडत रडत जिना उतरली आणि दाराशी पदराने तोंड पुसून आत आली.

सखी चहाची बशी हातात धरून तशीच बसली होती. सुमतीने जे झालं ते खरंखरं सांगितलं. नेत्राने फसवलं, मलाही फसवलं, मी न वाचता सही केली. उद्या शाळेत रजा टाकते, तुझ्याबरोबर बँकेत येते, तक्रार घालू, सुपरवायझरशीही बोलते. "दे तो कागद इकडे. आज अक्षर न् अक्षर वाचते."

सखीने कागद दिला नाही. तिने खाली बघत विचारलं, अगदी हळू, "बाई, तुमाला त्यातलं किती मिलालं?"

सुमतीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने देवाची शपथ घेतली, हरीची घेतली. एक छदाम नाही गं, मला काही माहीत नव्हतं. हरीही मधे पडला, म्हणाला, वहिनी, हिच्यावर तरी संशय नका घेऊ.

"न्हाय, मी कुटं काय म्हनते," सखी म्हणाली. "तुमी सही केली म्हनून मी केली, एवढंच." तिने कागदाची घडी घातली आणि बटव्यात ठेवली. "ह्यो मी दुसऱ्या कुनाकडून वाचून घेन."

तिने बशी मोरीत नेऊन विसळून ठेवली. दाराशी चपला घालताना ती हरीला येते भाऊ म्हणाली. सुमतीला काही म्हणाली नाही.