यंदा ब्रिटा कोणाची

"तुझ्या मुलीला कोणीतरी आधीच घेतलंय," संगणकाच्या पडद्याकडे बघत, गावातल्यांची करपत्रकं भरून देणाऱ्या ओडेगार्डबाई म्हणाल्या.

"घेतलंय म्हणजे? शाळेत आहे ती," जोलीन म्हणाली.

"कागदावर गं. तिचा नंबर आणखी कोणाच्या तरी करपत्रकात आहे. म्हणून तुझं परत आलं."

कोणाच्या, हे विचारायची गरज नव्हती. मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावात ब्रिटाला बाप एकच होता. डॅरेल. घटस्फोटाच्या कागदात न्यायाधीशांनी लिहून ठेवलं होतं की मुलगी राहील आईजवळ, पण करापुरती एक वर्ष आईची, एक वर्ष बापाची. मूल ज्याच्या करपत्रकात, त्याला सरकारकडून मोठा परतावा मिळे. यंदा बापाची पाळी. मात्र पोटगी वर्षअखेरपर्यंत चुकती केली असेल तरच. आणि डॅरेलने उन्हाळ्यापासून एक डॉलर दिला नव्हता.

जोलीन वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि संध्याकाळी गारठलेल्या घरात यायचं. गॅसवाल्याने जुनं बिल चुकतं झाल्याशिवाय घर तापवायच्या गॅसची टाकी भरणार नाही म्हणून सांगितलं होतं. ब्रिटा महिनाभर बाहेरच्या खोलीत, लाकडाच्या शेगडीपाशी झोपत होती. कराचा परतावा आला की टाकी भरायची, या एका आशेवर दोघींनी फेब्रुवारी काढला होता.

"आता?"

"आता तुझं टपालाने पाठवायचं. हक्क तुझाच आहे. पण दोघंही अडून बसलात तर चौकशी लागेल, पुढचा हिवाळा उजाडेल. त्याने आपणहून दुरुस्ती केली तर लवकर सुटेल." बाईंनी चष्मा काढला. "जा, बोल त्याच्याशी. आणि ओरडू नकोस. ओरडलीस की तो गोगलगायीसारखा आत जातो, तुला ठाऊक आहे."

जोलीन ओरडायच्याच तयारीने निघाली. गोठलेल्या तळ्यावरून तिने गाडी थेट डॅरेलच्या मासेमारीच्या खोपटापाशी नेली आणि दार न ठोठावता उघडलं. बर्फातल्या भोकात गळ सोडून तो बादलीवर बसला होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. ज्या विश्रामगृहाची कामं त्याच्याकडे होती, ते गेल्या उन्हाळ्यात बंद पडलं होतं.

"दार लाव, वारा येतोय," तो म्हणाला.

"माझ्या घरात रोजच येतो. ब्रिटाला तुझ्या करपत्रकात तू लावलंस?"

"यंदा माझी पाळी आहे."

"पोटगी दिलीस तर पाळी! अर्धंच वाचतोस काय रे?"

"अगं, परतावा आला की त्यातूनच देणार होतो. सगळी थकबाकी. आईशप्पथ."

"तुझ्या हातात येणारच नाही तो. थकबाकीवाल्यांचा परतावा सरकार वाटेतच कापून घेतं आणि मला पाठवतं. एवढंही ठाऊक नाही?"

डॅरेल भोकाकडे बघत हसला. "म्हणजे मी चोरी केली आणि माल तुझ्याच दारात टाकला?"

जोलीनलाही हसू फुटलं, आणि फुटलं म्हणून ती जास्तच चिडली. "पण ती तुझी जुनी देणी झाली, डॅरेल. माझा परतावा बुडाला त्याचं काय? पोरगी कोट घालून झोपते!"

हे त्याला माहीत नव्हतं. रविवारी ब्रिटा त्याच्याकडे यायची, पण यातलं काही बोलली नव्हती. त्याने गळ वर ओढला आणि गुंडाळून ठेवला.

"बोलली नाही मला," तो म्हणाला.

"तुला वाईट वाटेल म्हणून."

बादलीवरून उठत तो म्हणाला, "पैशांसाठी लावलं, खोटं नाही बोलत. पण तिथे नाव लिहितात ना, पुढे नातं लिहितात. मुलगी. ते लिहिताना बरं वाटलं गं."

जोलीनला त्याची दया आली, आणि दया आल्याचा संतापही आला. थंडीत पोरीला कुशीत घेऊन झोपणारी ती, आणि बरं वाटायचं याला. तरी ती एवढंच म्हणाली, "चल. ओडेगार्डबाई पाचला बंद करतात."

दुरुस्तीचा कागद भरायला वेळ लागला नाही. बाई विचारत होत्या, डॅरेल टोपी मांडीवर ठेवून उत्तरं देत होता. जोलीन भिंतीशी उभी होती.

"मूल वर्षात किती महिने तुझ्याकडे राहिलं? आधी बारा लिहिलेस."

डॅरेलच्या मानेवर लाली चढली. "रविवार धरतात?"

"नाही."

"जुलैत आठवडाभर होती. तंबूत राहिलो होतो आम्ही."

"आठवडा धरत नाहीत रे."

या माणसाला उघडं पाडायचं, असं ठरवून जोलीन सकाळी घरून निघाली असती तर याहून चांगली जागा तिला सापडली नसती. पण तिला ते बघवेना.

"एक लिहा," ती म्हणाली. "एक महिना. त्याने माझं काही बिघडत नाही. कोणी विचारलंच तर मी सांगेन."

बाईंनी डॅरेलकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "एकदा खोटं लिहून झालंय. शून्य लिहा."

बाईंनी शून्य लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. डॅरेलने पेन उचललं, पण सही केली नाही. त्या आकड्यावर अंगठा ठेवून तो जोलीनकडे वळला.

"हे ब्रिटाला दिसणार नाही ना?"

"नाही," जोलीन म्हणाली.

मग त्याने अंगठा उचलला आणि सही केली.