बोटावरचे दोन वेढे

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी माझ्या जावयानं माझ्या पोरीच्या तोंडावर स्टीलचा तांब्या मारला. समोरचा दात पडला. कामिनीनं तो कागदात बांधून आणला होता, मला दाखवायला. कारण काय, तर भाजीत मीठ जास्त पडलं. दुर्गेश बुटीबोरीला कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथं साहेबाचं ऐकून घेतो नि घरी येऊन मिठावर मर्दुमकी दाखवतो.

मी कोष्ट्याची लेक नि कोष्ट्याची सून. अर्धं आयुष्य मागावर गेलं. माग बंद पडले, आम्ही नंदनवन वस्तीत राहायला आलो, पण माझा धोटा मी भंगारात दिला नाही. पुढच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. पोटात सुताची कांडी घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारं ते लाकूड आताच्या पोरांनी पाहिलेलंही नसतं, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवते. शिसवी आहे.

कामिनी सात वर्षांची होती तेव्हा तिला मी कांडी भरायला शिकवलं. सुताचे बोटावर दोन वेढे घ्यायचे नि ताण सोडायचा नाही. सूत ढिलं पडलं की त्याच धोट्याचा फटका बोटांवर. पोर रडायची, पण वेढे सुटायचे नाहीत. माझ्या कामिनीच्या हातात सूत तुटत नाही, असं मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरायची.

दात पडल्यावर माझ्या घरी बैठक झाली. दुर्गेशचे काका महादेवराव आले. समाजात त्यांच्या शब्दाला वजन, पोटालाही. ते म्हणाले, तरुण रक्त आहे, होऊन जातं. मी विचारलं, रक्त तुमचं तरुण नि दात काहून माझ्या पोरीचे पडतात? बसलेले लोक हसले. दुर्गेशनं हात जोडले, माझ्या पाया पडला, रडलासुद्धा. आमच्या घरात कोणाची लेक माघारी येऊन बसलेली नाही. मी छाती पुढं काढून सांगितलं की पोरीला नांदायला पाठवते, रुख्माबाईचा शब्द आहे. कामिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मग दुर्गेशनं टूम काढली की सगळे मालवणला जाऊ. कामिनीला समुद्र दाखवतो, मासे खाऊ घालतो, नि तिकडून थेट बुटीबोरीला घेऊन जातो. मी म्हटलं, मी पण येते. चार दिवस हा कसा वागतो ते माझ्या डोळ्यांनी पाहीन नि मगच पोरीचा हात सोडीन. महादेवराव जामीन म्हणून आले. दोन दिवस दुर्गेश इतका गोड वागला की मला त्याचीच भीती वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही मासे धरायला निघालो. तिथं नाववाले प्रवाशांना अर्ध्या दिवसासाठी नेतात. किनाऱ्यापासून फार लांब नाही, खडकांजवळ नाव थांबवतात, हातात दोरी देतात, गळाला कोळंबी लावून देतात, शिकवतात नि जेवायच्या वेळेला परत आणून सोडतात. आमच्या नावाड्याचं नाव विश्वनाथ. वाळलेल्या खोबऱ्यासारखा माणूस, बोलणं कमी. पण एक गोष्ट त्यानं तीनदा सांगितली.

"दोरी हाताक गुंडाळू नकात. मासो वडतलो नि बोट जातला."

दोरी म्हणजे नायलॉनचा धागा, ते लोक तंगूस म्हणतात. पकडून पाहिला. गुळगुळीत, गाठ नाही, कुठं जाडबारीक नाही. असं सूत आम्हाला मिळालं असतं तर!

पहिला मासा दुर्गेशला लागला. वीतभर असेल. विश्वनाथनं लाकडी दांडक्यानं त्याच्या डोक्यावर एक मारला, मासा मेला. दुर्गेशनं दांडका मागून घेतला नि मेलेल्या माशाला पुन्हा मारायला लागला. डोकं फुटलं, जबडा वेगळा झाला, तरी हा मारूनच राहिला. खवले उडून कामिनीच्या ओढणीवर चिकटले. दर फटक्याला ती डोळे मिटत होती. मारताना तो हसत होता नि आमच्याकडे पाहत होता, आम्हीही हसावं म्हणून. महादेवराव हसले. मग त्यांना समुद्र लागला नि ते नावेच्या काठावर वाकून ओकायला लागले.

कामिनीनं दोरी पाण्यात सोडली तेव्हा मी तिच्या बाजूलाच होते. तिनं दोरी उजव्या हातात घेतली नि तर्जनीवर दोन वेढे घेतले. डोकं कुठंतरी दुसरीकडंच होतं, हातानं आपलं काम केलं. मी पाहिलं. विश्वनाथचं सांगणं मलाही आठवलं. पण ताण इतका बरोबर बसला होता की मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. मी गप्प राहिले.

खालून मोठा गोबरा लागला. हा मासा वर येत नाही, गळ लागला की खाली खडकाच्या बिळात घुसतो. दोरी सरळ खाली गेली नि कामिनीचा हात नावेच्या काठावर आपटला. वेढे आवळले. तंगूस कातडीतून आत गेला, पनीर कापावं तसा. आधी पांढरं दिसलं, मग रक्त आलं. ती ओरडली नाही. तिच्या घशातून नुसती हवा निघाली.

विश्वनाथ सुरी घ्यायला धावला. दुर्गेशनं सुरीवर पाय ठेवला. एका हातात त्याचा मोबाईल होता, तो शूटिंग करून राहिला होता.

"कापू नोको. लय मोठा हाय. कामे, धरून ठेव."

विश्वनाथनं सांगितलं की बोट जाईल. दुर्गेशनं त्याला बखोट धरून असा ढकलला की तो इंजिनावर पालथा पडला नि त्याचं कपाळ फुटलं. महादेवरावांनी मान वर केली, सगळं पाहिलं नि पुन्हा ओकायला वाकले. तेव्हा त्यांच्या पोटात काही उरलं नव्हतं, हे मी देवासमोर सांगीन.

कामिनीनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"माय, सोडू?"

एकतीस वर्षांची बाई. बोटाचं हाड दिसत होतं. नि सोडायची परवानगी मला मागत होती.

मी सुरीवर झडप घातली. दुर्गेश म्हणाला, आई, तुम्ही मधात पडू नका, नि त्यानं पंजानं माझं तोंड मागं लोटलं. मी कोळंबीच्या डब्यावर बसकन पडले. हाताला दांडका लागला. बसल्या बसल्या पहिला फटका त्याच्या गुडघ्यावर दिला. तो वाकला, सुरीवरचा पाय सुटला. दुसरा मोबाईल धरलेल्या मनगटावर. वाळकी तुरीची काडी मोडावी तसा आवाज झाला नि मोबाईल पाण्यात गेला. मी सुरी उचलली नि दोरी कापली. ती सप्पकन खाली गेली. कामिनी मागं कोसळली. तर्जनीचं वरचं पेर कातडीला लोंबत होतं.

झालं तेवढ्यावर माणूस थांबला असता. दुर्गेशनं धड हातानं पोरीच्या थोबाडीत मारली. पडलेल्या दाताच्या जागी ओठ फाटला.

"तुह्यानं गेला मासा," तो म्हणाला.

तिसरा फटका मी त्याच्या तोंडावर मारला. कोणी म्हणेल, म्हातारीनं नेम धरून दातावर मारला. धरला होता. दात नावेच्या तळाशी, माशाच्या खवल्यांत पडला. तो खाली बसला नि मी पुन्हा दांडका उचलला. मला चांगलं वाटून राहिलं होतं. अंगात दहा बायांचं बळ आलं होतं. माझ्या लेकीनं हे पाहावं म्हणून मी तिच्याकडे वळले.

तिनं डोळे मिटले होते. गच्च. त्या मेलेल्या माशाच्या वेळी मिटले होते तसेच. सात वर्षांची असताना माझ्यासमोर मिटायची तसेच.

माझा हात वरच राहिला. विश्वनाथनं माझ्या मुठीतून दांडका हळूच काढून घेतला, समुद्रात फेकला नि कपाळावर फडकं दाबून इंजिन सुरू केलं. किनारा येईपर्यंत दुर्गेश रक्त थुंकत होता नि दर वेळी काठाबाहेर थुंकत होता. नावाड्याची भीती वाटत असावी.

दवाखान्यात डॉक्टरनं कामिनीचं पेर काढून टाकलं. दुसऱ्या खोलीत दुर्गेशच्या मनगटाला प्लास्टर चाललं होतं. महादेवराव माझ्याशेजारी येऊन बसले. तोंड धुऊन, भांग पाडून आले होते.

"इनबाई, झालं ते झालं. दोघायलेही लागलं, हिशोब बरोबर. परवा पोरगी आमच्यासंग येईल. तुमचा शब्द हाय."

मी त्यांना विचारलं, रोज किती दात पडले की हिशोब बरोबर होतो तुमच्यात? मग म्हटलं, "शब्द माहा होता, महादेवराव, नि बोट तिचं गेलं. शब्द मी वापस घेतला. आता बैठक तुमच्या घरी बसवा. जे पाहिलं ते तुम्ही सांगा. तुमच्यानं झालं नाही तर मी सांगीन, नि मी ओकून राहिली नव्हती."

त्यांनी पुष्कळ समजावलं. लोक काय म्हणतील तेही सांगितलं. मी लोकांना आयुष्यभर सांगत आले, आता लोकांनी मला सांगावं. शेवटी ते उठून पुतण्याच्या खोलीत गेले.

मी कामिनीजवळ गेले. हाताला पांढरं गाठोडं बांधलेलं, ओठाला टाके. मी म्हटलं, त्याच्याकडे जायचं नाही, चाल घरी.

"कोणाच्या?" तिनं विचारलं.

मला समजलं नाही असं मी दाखवलं. ती टाक्यांमुळं हळूहळू बोलत होती.

"इथं तांब्या, तिथं धोटा. तू तर तो भिंतीले लावून ठेवला, पाहुण्यायले दाखवाले. तो खिळ्यावर हाय तोवर मी त्या घरात येणार नाई. त्याच्याकडं बी जाणार नाई. कुठंबी राहीन."

चार उत्तरं आली जिभेवर. तुला पोटाला मिळावं म्हणून मारलं. मलाही माझ्या मायनं मारलं. सगळी खरी. एकही बाहेर काढलं नाही.

माझ्या घराची किल्ली शेजारच्या सुभद्राजवळ असते. तिला फोन लावला नि कामिनीला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. सुभद्राला सांगितलं, पुढच्या खोलीतला धोटा काढ नि बंबात घाल. ती म्हणाली, मावशी, बऱ्या आहात ना, शिसवी आहे तो, कोणी चांगले पैसे देईल. मी म्हटलं, विकायचा नाही, जाळायचा आहे. कुलूप उघडल्याचा नि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अंगणातला बंब, त्याचं झाकण. सुभद्रा म्हणाली, जुनं लाकूड आहे, लवकर धरत नाही. मी सांगितलं, धरेपर्यंत उभी राहा.

कामिनीनं डाव्या हातानं फोन आपल्याकडे ओढला.

"ताई, खिळा बी काढा."

सुभद्रा पुन्हा आत गेली. हातोडी सापडेना, तर तिनं वरवंट्यानं ठोकला. खिळा वाकला, निघाला, नि त्याच्यासोबत भिंतीचा पोपडा खाली पडला. तो आवाजही फोनात आला.