थापीखालची ओवी

रिकाम्या हौदाच्या तळाशी पार्बताबाई अनवाणी चालत होती. टाचेला अंगठा लावून एक पाऊल, मग दुसरं. ओठ हलत होते, आवाज मात्र फुटत नव्हता. चार पावलं झाली की ती थांबे, स्वतःशीच मान हलवी आणि पुन्हा चालू लागे.

काठावर बसलेल्या नत्थुजी गवंड्याला हसू आलं.

"काय वं पार्बताबाई, हौद हाय का महादेवाचं देऊळ? परदक्षना घालून राहिली."

"मोजून राहिली."

"मोजायले गज हाय माह्याजवळ."

"तुह्या गजाले चीर सापडली काय पंधरा दिसात? तू गजानं मोज. मी माह्या ओव्यायनं मोजतो."

चैत्राचं ऊन अजून कोवळं होतं. अकोटाबाहेरच्या त्या मळ्यावर कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. वेचणी सरली होती, पण घरोघरच्या लाकडी रेच्यांवर कापसातली सरकी निघत होती आणि उडालेला कापूस झाडांवर, कुंपणावर, बायकांच्या केसांत असा सगळीकडे उतरत होता. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली होती म्हणे, आणि इकडं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं.

त्याच साली मळ्याचे धनी खुशालराव पाटलांनी बायकोला विचारलं होतं, काय करू तुह्यासाठी? पाटल्या का एकदाणी? गोदाबाईंनी कमळांचा हौद मागितला. "पाण्यापाशी बसावं वाटते," इतकंच म्हणाल्या. पाटलांनी पुढं विचारलं नाही. दोन वर्षांमागं देवीच्या साथीत त्यांचा तीन वर्षांचा मुलगा गेला होता. त्या दिवसापासून त्याचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. पाटलांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. एकदाच कुणाच्या तोंडून नाव निघालं, तेव्हा ते ताटावरून उठले होते. पुढं सांगायची गरज पडली नाही.

माघात हौद झाला, फाल्गुनात भरला. पण रोज सकाळी पाणी वीतभर खाली गेलेलं असे. आता विहीरही तळाला टेकली होती. कमळांचे गड्डे काढून ओल्या मडक्यांत, लिंबाच्या सावलीत ठेवले होते. गोदाबाई रोज आपल्या हातानं त्यांच्यावर पाणी शिंपडत. एकाला कळी आली होती.

काल पाटील म्हणाले होते, "उद्या दुपारी मातीचे गाडे येतीन. भरून टाकू हौद. मिरगाले कापूस पेरू."

गोदाबाई मडक्यांजवळून उठल्या नव्हत्या.

आणि नत्थुजीनं गावभर सांगितलं होतं, चुना माहा पक्का, बायायची थापी कच्ची. परतवाड्यापासून तेल्हाऱ्यापर्यंत तीस वर्षं पार्बताबाईनं चुना थापटला होता. असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

ओल्या चुन्याचा थर पसरला की बायका रांगेनं उकिडव्या बसतात आणि लाकडी थापीनं तो थापटत राहतात. चुना आवळून येईपर्यंत हात थांबायचा नसतो. हात थांबू नये म्हणून गाणं. एक ओवी संपली की रांग हातभर मागं सरकते. त्यामुळं कुठल्या हातभर जागेवर कुठली ओवी पडली, हे पार्बताबाईच्या पायांना ठाऊक होतं. पायरीजवळ विहिरीची ओवी. मग धन्याची. मग धनिणीच्या जोडव्यांची. मग...

ती थांबली. पुढचं पाऊल उचललंच नाही.

तो माघातला दिवस तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. वरच्या पायरीवर गोदाबाई बसल्या होत्या, हनुवटी गुडघ्यावर टेकून गाणं ऐकत. रांगेत तेल्हाऱ्याहून नवी आलेली माणिकबाई होती. तिचा गळा गोड, म्हणून पुढची ओवी तिला दिली. तिनं लेकराची ओवी धरली. त्या ओवीत ज्याचं घर त्याच्या लेकराचं नाव घालायचं असतं. पहिली ओळ म्हणून माणिकबाईनं हसतमुखानं मान वर केली आणि विचारलं,

"पाटलीनबाई, लेकराचं नाव काय वं तुमच्या?"

साऱ्या थाप्या एकदम थांबल्या. माघाचा कोरडा वारा चुन्यावरून गेला. गोदाबाई उठून घरात गेल्या. कितीतरी वेळानं पार्बताबाईनं बैलांची ओवी धरली. तोवर रांग तेवढी जागा न थापटताच नकळत मागं सरकली होती.

"नत्थुजी," तिनं हाक दिली. "येथी दोन बोटं पाणी सोड."

पाणी आलं, पसरलं, निवांत झालं. वारा पडलेला होता. तिनं केसातला कापसाचा तंतू काढून पाण्यावर ठेवला. तो जरा वेळ स्वप्नात असल्यासारखा जागीच फिरला. मग हळूहळू, कुणी बोलावल्यासारखा, सरकू लागला आणि एका जागी येऊन उभा राहिला. त्याच्या टोकाला केसाएवढी चीर होती.

नत्थुजी हौदात उतरला. वाकून पाहिलं. चिरीवरून नख फिरवलं.

"येथीच कच्चं काहून राह्यलं पण?"

पार्बताबाईनं वर पाहिलं. गोदाबाई पायरीवर येऊन उभ्या होत्या.

"माही थापी थांबली होती," पार्बताबाई म्हणाली. "चूक माहीच."

नत्थुजीनं छिन्नीनं चीर उघडली, धुतली, ओली केली. चुना, विटांची सुरखी, गुळाचं पाणी, बेलफळाचा चीक, सगळं कालवून भरलं. चौघी जणी बसल्या. थाप्या पडू लागल्या आणि गाणं विहिरीवरून धन्यावर, धन्यावरून जोडव्यांवर आलं. माणिकबाईनं मान इतकी खाली घातली होती की पदर चुन्याला टेकत होता.

पार्बताबाईनं घाईनं बैलांची ओवी धरली.

"ते नाई," गोदाबाई म्हणाल्या.

त्या पायऱ्या उतरून खाली आल्या. लुगडं आवरून माणिकबाईच्या शेजारी बसल्या आणि एक थापी उचलली.

"राहू द्या पाटलीनबाई," पार्बताबाई हात न थांबवता म्हणाली. "ओव्या लय हायेत माह्यापाशी."

"तुही एकलीची थापी नव्हती थांबली, पार्बताबाई. समद्यायच्या थांबल्या होत्या, माह्यापायी. मी होतो न तेथी." त्यांची थापी चुकत होती, मग तालात आली. "ते ओवी गाळली तं येथूनच पाणी जाईन. माणिके, म्हण."

माणिकबाईनं डोळे पुसले. हाताचा चुना गालाला लागला.

*चुना ग कवळा, जसं तान्हं मांडीवर...*

ती थांबली. थाप्या थांबल्या नाहीत. वर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मातीचे गाडे बांधाशी लागले होते आणि पाटील त्यांच्यापुढं उभे होते. गोदाबाईंना ते दिसत होते. त्यांनी नजर चुन्यावर आणली, आणि दोन वर्षं न वापरलेल्या अंगाईच्या आवाजात म्हणाल्या,

*थापटते गोदाबाई, नीज वामना घडीभर.*

पाटलांनी हौदाकडं पाठ केली.

"कुठी रिकामी करू पाटील?" गाडीवानानं विचारलं.

खाली तीच ओवी पुन्हा लागली होती, आता पाच आवाजांत. गाडीवानानं पुन्हा विचारलं.

"दोन टोपले त्या कमळाच्या मडक्यात घाल," पाटील म्हणाले. "बाकीची ने वावरात."

नव्या चुन्याला आठ दिवस तहान असते. त्याच्यावर ओलं पोतं ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं लागतं. पार्बताबाई त्यासाठी रोज पहाटे येई, आणि रोज पोतं आधीच कुणी तरी भिजवलेलं असे. तिला वाटलं, गोदाबाई.

नवव्या दिवशी मोट लावली. होतं तेवढं पाणी आलं. हौद अर्धा भरला. नत्थुजीनं पाण्याच्या कडेनं गेरूची रेघ ओढली.

दहाव्या दिवशी सकाळी पार्बताबाई आली तेव्हा कमळाची मडकी पाण्यात होती. पाणी रेघेला लागून उभं होतं. पायरीवर खुशालराव पाटील एकटेच बसले होते. शेजारी भिजलेलं पोतं घडी करून ठेवलेलं होतं. त्यांचा एक हात पायरीच्या दगडावर होता, आणि तो हात हलके हलके थापटत होता.

ती मागं फिरू लागली.

"पार्बताबाई."

"जी, पाटील."

"त्या ओवीच्या पुढं काय हाय?"

तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"पुढं नाई काई, पाटील. नाव आलं का ते पुरी होते."

पाटलांनी मान हलवली. वरून कापसाचा एक तंतू उतरला, पाण्यावर टेकला. त्यांनी बोटानं त्याला जरासं ढकललं. तो थोडा गेला, आणि तिथंच राहिला.