राणीच्या पाठीमागचा नावाडी

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. एक्का-दुर्री-तिर्रीच्या खानदानातला मात्र नव्हे. जादूच्या राज्यांचा एक खेळ असतो, त्यातला मी नावाडी. माझ्यावर नदी आहे, होडी आहे आणि वल्हे धरून उभा असलेला, मिशीत वारा शिरलेला मी आहे. कोपऱ्यात माझे बळ छापले आहे: एक. त्याखाली लिहिले आहे, 'एका सोबत्याला नदीपार नेतो.' बस्स, एवढीच माझी मिळकत.

छापखान्यात एका मोठ्या कागदावर आम्ही सगळे खेटून बसलो होतो. माझ्या डावीकडे ड्रॅगन, उजवीकडे राणी. मग पाते खाली आले आणि ज्याचा त्याचा संसार वेगळा झाला. डब्यात बसून आम्ही दोन बहिणींच्या घरी पोचलो.

या खेळाचा नियम मोठा छान. इथे कुणी कुणाला हरवत नाही. सगळे मिळून धुक्याच्या राक्षसाशी लढतात. तरले तर सगळे, बुडाले तर सगळे. पण माणसाची गंमत अशी, की शेजाऱ्याला हरवायचे नसले तर तो शेजाऱ्याच्या चुका मोजत बसतो.

खेळाआधी डब्यातले चाळीस पत्ते निवडून आपला कॅट बांधायचा असतो. ताई कॅट बांधायची ती भाजी निवडल्यासारखी. बळकट तेवढे आत, बाकीचे बाजूला. धाकटी मात्र गोष्ट बांधायची. राणी जळते राज्य सोडून निघते, रान तुडवते, नदीशी येते, आणि नदीपलीकडे तिच्या बहिणीचे गाव असते. त्या गोष्टीत जो बसेल तोच पत्ता आत.

"अगं, या सरदाराचं बळ नऊ आहे!" ताई कळवळून म्हणायची.

"असू दे. गोष्टीत त्याचं काय काम? नुसता दारात उभा राहून जागा अडवणार."

"आणि हा नावाडी? एक बळाचा, मिशी बघा केवढी!"

"त्याच्याशिवाय राणी काय पोहत जाणार?"

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. नदी आली की धाकटी मला टेबलावर ठेवी आणि नऊ बळाचे सरदार डब्यात पडून माझ्या वाट्याला आलेली वाहवा ऐकत.

एके दिवशी धाकटीने खेळाच्या भरात राणीला इतके आवळून धरले, की तिच्या पाकिटासकट मधोमध मुरड पडली. आम्हा सगळ्यांना पारदर्शक प्लास्टिकची पाकिटे होती. राणीचे पाकीट सरळ झाले, राणी झाली नाही. ताईने घर डोक्यावर घेतले.

त्यांचे बाबा एका लाँड्रीत इस्त्री करून कपडे भरायचे काम करीत. शर्टाच्या पाठीशी पुठ्ठा घातला की शर्ट ताठ राहतो, ही त्यांची हातात मुरलेली विद्या. मुली बाहेर गेल्या होत्या. बाबांनी डब्यातला सगळ्यात वरचा पत्ता उचलला. तो मी होतो, आणि पालथा होतो. त्यांनी मला माझ्या पाकिटातून काढले आणि तसेच्या तसे, पालथ्याच ठेवलेल्या राणीच्या पाठीमागे सरकवले.

"झाली सरळ!" ते खूश होऊन म्हणाले आणि चहाला गेले. आमच्यातला कोण राणी, कोण नावाडी, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांच्या लेखी आम्ही सगळे पुठ्ठेच.

तेव्हापासून माझे तोंड राणीच्या पाठीला चिकटले. बाहेरून दिसायची फक्त माझी पाठ, आणि पाठी तर आमच्या सगळ्यांच्या सारख्याच.

"नावाडी कुठाय?" ताईने विचारले.

"मला काय माहीत?"

"शेवटी तुझ्याच हातात होता. राणी वाकवलीस, नावाडी हरवलास. तुझ्याकडे काही देणं म्हणजे पाण्यात टाकणं!"

हे ती मैत्रिणींसमोर बोलली. धाकटीने कपाटाखाली पाहिले, गादी उलटली, बुटांत हात घातला. बाबासुद्धा टॉर्च घेऊन टेबलाखाली वाकले, बिचारे! "होडीचं चित्र म्हणताय ना?" असे दहादा विचारत ते माझा शोध घेत होते. मी वीतभर अंतरावर होतो. पण कागदाला तोंड असून हाक नसते.

धाकटीने पुन्हा गोष्ट बांधली नाही. ताईच्या पैलवानी कॅटमध्ये राणी असायचीच, म्हणून मीही प्रत्येक लढाईत जायचो, न दिसता, न मोजता. पत्ते पिसताना ताईचे बोट अचूक राणीवर थांबे. "माझ्या बोटांना राणी कळते!" ती मिरवायची. बोटांना कळत होता तो जाडपणा, म्हणजे मी. तिच्या नशिबाचे भाडे मी कोंडून घेऊन भरत होतो.

धाकटी रांगेत उभी राहिल्यासारखी खेळे. मग एकदा "मला नको" म्हणाली, आणि डबा कपाटावर गेला. किती ऋतू गेले, ते बंद डब्यात कळत नाही.

एके दिवशी झाकण उघडले. ताईला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. बॅग अर्धी भरलेली होती.

"निघायच्या आधी एक डाव खेळू या," ती म्हणाली. "कॅट तू बांध. गोष्टीचा."

"नदीपर्यंत येऊन परत फिरायचं असेल तर बांधते," धाकटी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

बाबांनी नवी पाकिटे आणली होती. ताई एकेक पत्ता बदलू लागली. राणी ओढली, आणि तिच्या पाठीला चिकटलेला मी टेबलावर पडलो, उताणा.

ताईने मला पाहिले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. मग कपाटाखाली. मित्रांनो, त्या नजरेचा हिशेब मला लागला. 'कपाटाखाली सापडला' एवढे म्हटले असते तर कुणी काही विचारले नसते.

"बाबा, हे काय?"

"पुठ्ठा," बाबा म्हणाले. "राणीला घातला होता. काढलास कशाला?"

ताईने मला उचलले, आत नेले आणि ओट्यावर ठेवले.

"नावाडी माझ्या हातात होता. एवढी वर्षं. राणीच्या मागे."

धाकटीने मला उचलून उलटसुलट पाहिले. मग म्हणाली, "आणि तुझ्या बोटांना राणी कळायची म्हणे!"

"कळायचा तो हा."

"सगळ्यांसमोर बोलली होतीस मला."

"बोलले होते. चुकलं माझं."

धाकटीने गॅस बंद केला. "चहा घे, निवेल. आणि तो सरदार कॅटमधून काढ. दारात उभा असेल."

डाव झाला. मी राणीला नदीपार नेले. पुढच्याच खेळीत धुक्याने आम्हाला गिळले, कारण गोष्टीच्या कॅटला बळ कमीच पडते.

"हरलो," बाबा म्हणाले.

"सगळेच हरलो," धाकटी म्हणाली आणि हसली. ताईही हसली, नाक पुसत.

धाकटीने तोच कॅट ताईच्या बॅगेत ठेवायला घेतला. राणी पुन्हा वाकायला लागली होती.

"मागे पुठ्ठा नाही," बाबा हळूच म्हणाले. "प्रवासात दुमडेल."

तिघांनी माझ्याकडे पाहिले. मला नव्या पाकिटाची ऊबही नीट लागली नव्हती. धाकटीने मला बाहेर काढले आणि राणीच्या मागे सरकवले. पण या वेळी माझे तोंड बाहेर.

"आता दिसतोय ना? नदी आली की काढ. हरवला म्हणायचं नाही."

तर मित्रांनो, मी पुन्हा कोंडलेला आहे. तेच प्लास्टिक, तीच राणीची पाठ, वर बॅगेचा अंधार. सुटलो असे मी म्हणणार नाही. माझी एवढीच विनंती आहे, की ज्याला त्याला त्याचे पाकीट द्या. आणि काही सापडेनासे झाले, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या हातातले पत्ते एकदा उलटून पाहा.

मी मात्र बॅगेची चेन उघडायची वाट पाहतो आहे. मी कुठे आहे, हे आता दोघींना ठाऊक आहे.