मोठा अक्रोड

"उडाला! अक्रोड परत उडाला!"

आतल्या खोलीतून नवऱ्याची आरोळी आली आणि माझ्या डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. फ्रीजनं एक उचकी दिली, तोही गप्प. माझ्या पुढ्यात दोल्म्यासाठी द्राक्षाच्या पानांचं ताट, हात भाताच्या सारणानं बरबटलेले, आणि बाहेर मोसुलची ऐन उन्हाळ्यातली दुपार.

"अबू रहफ," मी तिथूनच ओरडले, "कूलर बंद केला, इस्त्री बंद केली, पाण्याची मोटर बंद केली. आता काय मी श्वास घेणंही बंद करू?"

"फ्रीज चालू राहिला ना!"

"मग मटण तुझ्या त्या खेळात नेऊन ठेवू का? आहे का तिथं गारवा?"

नशवान, म्हणजे आमच्या रहफचा बाप अबू रहफ, उत्तर द्यायला थांबलाच नाही. एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्या पायात रहफची, असा तो जिन्यावरून धडधडत खाली गेला. पोरीनं तेवढ्यात बाल्कनीतून वाकून सांगितलं, "आई, बाबांनी माझी गुलाबी चप्पल नेली." शुक्रवारचा दिवस, सगळी गल्ली घरात, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं असणार.

सरकारी वीज आमच्याकडे पाहुण्यासारखी येते. बाकीचा वेळ गल्लीच्या टोकाला अबू सत्तारचा जनरेटर आहे, त्यावर घरं चालतात. ज्याचे त्याचे अँपिअर ठरलेले. आमचे पाच. त्यापेक्षा जास्त ओढलं की अबू सत्तारच्या फळीवर आमच्या नावाचा खटका खाली पडतो. त्या खटक्याला आम्ही अक्रोड म्हणतो. का म्हणतो ते विचारू नका, माझी आईही म्हणायची. तो पडला की कुणीतरी उन्हातान्हात तिथवर जायचं, अबू सत्तारची बोलणी खायची, आणि तो वर करून घ्यायचा. हे सगळं एका कार्डापायी चाललं होतं.

ते कार्ड धाकट्या दिरानं पाठवलं होतं. कुतैबा स्वीडनला जाऊन राहिला त्याला आता एवढी वर्षं झाली की रहफनं त्याला पडद्यावरच पाहिलंय. दोघा भावांचं फोनवर काही जमत नाही. "कसा आहेस?" "अल्हम्दुलिल्लाह. तू?" "अल्हम्दुलिल्लाह." पुढं दोघंही गप्प, मग मी फोन घेऊन तिकडच्या बर्फाची चौकशी करायची. पण शुक्रवारी दुपारी दोघं खेळायला बसले की नशवान वेगळाच माणूस होतो. कम्प्युटरवरचा रणगाड्यांचा खेळ आहे. एका रणगाड्यात दोघं: नशवान चालवतो, कुतैबा तोफ डागतो. "डावीकडं घे, डावीकडं! भिंतीच्या आड! अरे गाढवा, तुला दिसत नाही का?" अशी शिवीगाळ, मधेच हसणं, मधेच आई कशी होती, अब्बांनी कुणाला कसं झापलं होतं. आठवडाभर गॅरेजवर, म्हणजे टॅक्सीच्या अड्ड्यावर, "दहूक, दहूक, एक माणूस, दहूक!" असं ओरडून घसा बसलेला हा माणूस त्या एका दुपारी पोटभर बोलतो. म्हणून मी ती दुपार कधी मोडली नाही. बडबडले असेन, पण मोडली नाही.

मग त्या खेळवाल्यांना अवदसा आठवली. त्यांनी खेळ नवा केला. झाडाचं पान न् पान हलायला लागलं, धूर खरा वाटायला लागला, आणि आमच्या जुन्या कम्प्युटरला धाप लागली. चित्र अडकत अडकत पुढं सरकायचं. नशवान वळण घेईतो शत्रूनं रणगाडा उडवलेला असायचा. तिकडून कुतैबा म्हणाला, "तुझं ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय. मी नवं घेतलंय, माझं आधीचं तुला पाठवतो. राक्षस आहे राक्षस!"

एका ओळखीच्या बाईबरोबर ते आलं. लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेलं, तीन पंख्यांचं, भाकरीच्या परातीएवढं लांब. कम्प्युटरच्या डब्यात मावेना म्हणून नशवाननं आतला एक पत्रा कापून काढला. त्याला ताकद पुरवायला मोठा पॉवर सप्लाय आणला. सुरू केलं तेव्हा सरकारी वीज होती. काय ते चित्र! रणगाड्याच्या पत्र्यावरचा गंज दिसत होता. नशवाननं मला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. "बघ, बघ, लोण्यासारखं चालतंय!" मीही म्हटलं, सुंदर आहे.

तेवढ्यात सरकारी वीज गेली, जनरेटर आला, आणि राक्षसानं पहिलाच घास घेतला तसा अक्रोड उडाला.

तेव्हापासून आमच्या घरात वॅटची भाषा सुरू झाली. कूलर किती खातो, फ्रीज किती खातो, रहफचा दिवा किती खातो. जेवायला बसलं तरी तेच. नशवाननं कार्डाचा घास कमी केला. तशी सोय असते म्हणे, त्याला सांगायचं की बाबा, एवढंच खा. त्यानं ऐकलं, पण मग चित्र पुन्हा अडकायला लागलं, जुन्या कार्डाहून वाईट. थोडं वाढवलं की अक्रोड. थोडं कमी केलं की धाप. बॅटरीचा डबा मधे लावून पाहिला, तर तो कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवला आणि बंदच पडला.

"जुनं लाव ना परत," मी म्हटलं.

"जुन्यावर नवा खेळ चालत नाही."

"मग जुना खेळ खेळा."

"जुना खेळ त्यांनी बंद केला, उम्म रहफ! बंद! खेळायला कुणी नाही तिथं!" हे तो एवढ्या जोरात बोलला की स्वतःच दचकला.

त्या गुलाबी चपलेच्या शुक्रवारी तो परत आला तेव्हा घामानं सदरा अंगाला चिकटलेला. कम्प्युटर पुन्हा सुरू होऊन खेळ उघडेपर्यंत डाव संपला होता. भिंतीवरच्या स्पीकरमधून कुतैबाचा आवाज आला, चिडलेला.

"कुठं गायब होतोस तू दर वेळी?"

"वीज गेली रे."

"मोठा पॉवर सप्लाय घाल ना! मी सांगितलं होतं."

"घातलाय."

"मग अजून मोठा घाल. हे बघ, पुढच्या शुक्रवारी स्पर्धा आहे. जोड्यांची. मी आपलं नाव दिलंय. पण इथली मंडळी मला हसतात, अबू रहफ. म्हणतात, तुझा चालक मधेच झोपतो. या वेळी जर तू मधेच गेलास तर... तर मी पुढं मॅग्नसला घेईन. शेजारी आहे माझा. बरा चालवतो. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही, नाही. वाईट कसलं," नशवान म्हणाला.

त्या दिवशी त्याला दोल्मा गेला नाही. दोल्म्यापुढं नाही म्हणणारा माणूस मी आमच्या घराण्यात पाहिलेला नाही. मला असा संताप आला! कुतैबाचा आला, त्या मॅग्नसचा आला, झाडांची पानं हलवणाऱ्या खेळवाल्यांचा आला. दुसऱ्या दिवशी नशवान गॅरेजवर गेल्यावर मी ओढणी घेतली आणि तडक अबू सत्तारकडं गेले.

जनरेटरच्या धडधडीत तो खुर्ची टाकून कलिंगड खात बसला होता. "या, या उम्म रहफ! तुमच्या घरात काय लोखंडाचा कारखाना काढलाय का? गल्लीत एवढी लग्नं झाली, एवढे दिवे लागले, पण तुमच्याइतका अक्रोड कुणी पाडला नाही."

"मला मोठा अक्रोड बसवून दे."

"आणि अँपिअर कुठून आणू? माझ्या खिशात आहेत? उन्हाळा आहे बाई. हा जनरेटर आधीच खोकतोय."

"आमच्या खालच्या शिंप्याचं दुकान शुक्रवारी बंद असतं की नाही?"

"असतं."

"त्याची शिलाईयंत्रं, इस्त्र्या, सगळं बंद. मग शुक्रवारी त्याचे अँपिअर काय करतात? नमाजाला जातात?"

अबू सत्तारनं कलिंगडाची बी थुंकली आणि माझ्याकडं पाहिलं. "शिंपी हो म्हणायला पाहिजे."

"म्हणाला. त्याच्या बायकोशी बोलून आलेय मी."

"म्हणजे आधी जाळं टाकून मग इथं आलात!" तो खो खो हसला. "जा. गुरुवारी संध्याकाळी तुमची तार बदलतो, मोठा अक्रोड बसवतो. शनिवारी सकाळी पुन्हा छोटा. दर आठवड्याला. पण अबू रहफला सांगा, येताना स्वतःच्या चपला घालून ये."

नशवानला मी गुरुवारी सांगितलं. तो तडक उठला. खाली जाऊन तो खटका पाहून आला, मग वर येऊन पुन्हा खाली गेला आणि रहफलाही दाखवून आणला.

शुक्रवारी आम्ही सगळं चालू ठेवलं. कूलर, फ्रीज, सगळं. मी तर मुद्दाम इस्त्री लावून एक उशीचा अभ्रा कडक केला, बघू काय होतंय ते. काही झालं नाही. नशवाननं कार्डाला पोटभर खायची मोकळीक दिली. त्याचे तिन्ही पंखे घुमायला लागले. मी चहाचे इस्तिकान, ते छोटे काचेचे पेले, घेऊन त्याच्या मागच्या गादीवर बसले.

स्पर्धेत तिकडं बरेच लोक होते. स्पीकरवर त्यांच्या भाषेतली कलकल ऐकू येत होती. पहिला डाव आमच्या जोडीनं मारला. दुसराही. नशवान असा चालवत होता, अरुंद गल्ल्यांतून, पुलाखालून, नदी ओलांडून, की मीही इस्तिकान हातात धरून "डावीकडं, डावीकडं!" म्हणायला लागले. कुतैबा ओरडत होता, "वाह रे अबू रहफ! वाह! आज काय झालंय तुला?"

शेवटचा डाव सुरू व्हायच्या आधी थोडी उसंत होती. नशवान खुर्चीत मागं रेलला. एवढं खुश मी त्याला फक्त रहफ झाली तेव्हा पाहिलं होतं.

"तुझ्या वहिनीची करामत," तो म्हणाला. "तिनं मोठा अक्रोड बसवून आणला!"

"काय आणलं?"

"अक्रोड. मोठा!"

"अक्रोड?" कुतैबा हसला. "डाव चाललाय आणि तुम्ही अक्रोड कसले खाताय?"

नशवानही हसला. त्याला वाटलं, गंमत करतोय. मलाही तसंच वाटलं. कारण हाच कुतैबा. अब्बांच्या घरी खटका पडला की तोच धावायचा. सगळ्यांत चपळ म्हणून. त्या जनरेटरवाल्याशी भांडून, खटका पुन्हा पडू नये म्हणून त्यात काडी खुपसून यायचा, आणि एकदा तसा हात भाजून घेतला होता तेव्हा त्याला डॉक्टरकडं नशवाननंच नेलं होतं. नव्यानं लग्न होऊन आले तेव्हा घरात त्याला सगळे 'अबू जोज़ा' म्हणायचे, अक्रोडाचा बाप. जोज़ा म्हणजे अक्रोडच. नवी नवरी मी, मीसुद्धा म्हणायचे, आणि तो चिडायचा.

"अरे, अक्रोड रे," नशवान म्हणाला. "जोज़ा. जनरेटरचा."

मग कुतैबा म्हणाला, "जनरेटरला अक्रोड कशाला लागतात?" आणि त्याच दमात तो तिकडच्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायला लागला. सांगता सांगता हसला. तेही सगळे हसले. वाईट मनानं नव्हे. लहान मुलानं काही गोड बोललं की मोठे हसतात तसे.

तो खरंच विसरला होता. मी नशवानच्या पाठीकडं पाहत राहिले. उठून त्या स्पीकरवर ओरडावंसं वाटत होतं: अरे मेल्या, तुझ्या तळहातावर डाग आहे ना, उजव्या, जरा बघ तरी! मी अर्धी उठलेही. नशवाननं मागं न वळता हात जरासा वर केला, थांब म्हणून.

"हो रे," तो माईकमध्ये म्हणाला. "खातोय. अक्रोडच खातोय. छान आहेत. चल, तू नेम धर."

तो डावही ते जिंकले. अखेरपर्यंत अक्रोड उडाला नाही. कूलर चालू होता, फ्रीज चालू होता, पडद्यावरचं पान न् पान हलत होतं. तिकडं टाळ्या झाल्या, कुणीतरी मोडक्यातोडक्या अरबीत नशवानला "शुक्रन" म्हणालं. कुतैबा म्हणाला, "बघितलंस? नुसतं कार्ड चांगलं पाहिजे." नशवान म्हणाला, "हो, कार्ड फार चांगलं आहे. अल्लाह तुझं भलं करो."

मग त्यानं माईक बाजूला ठेवला आणि मला म्हणाला, "चहा गार झाला ग. दुसरा कर."

मी केला. साखर जास्त घातली, राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून.

दोघं अजून खेळतात. दर शुक्रवारी. मॅग्नसचं नाव पुन्हा निघालं नाही. फक्त नशवान आता कुतैबाशी सावकाश बोलतो, सोपे सोपे शब्द निवडून, आणि शिव्या देत नाही. घरी पाहुणा आला की आपण त्याच्याशी बोलतो ना, तसं.