कारखान्यातलं गॅदरिंग

गायत्रीला शाळेतून काढलं त्या दिवशी सुभद्राबाईंनी जेवणाच्या ताटाला हात लावला नाही. "पोरले घर बसाडी दिनं! गावले काय तोंड दखाडसू?" एवढंच त्या भिंतीकडे बघून म्हणत राहिल्या.

अनुसयाने सासूशी वाद घातला नाही. पावसाळा सुरू झाल्यापासून ती रोज सकाळी पोरीला मोरीत ओकताना बघत होती. गायत्री नऊ वर्षांची, डोक्याने तल्लख, पण बोलताना अडखळायची. 'क' आणि 'ग' तर घशातच अडकून बसायचे. स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की वर्गातली पोरं तिच्या आधीच "ग-ग-ग" करून मोकळी व्हायची. एकदा बाईंनाही हसू आवरलं नाही, आणि तेव्हापासून हे ओकणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही दोष नाही. रविवारी मात्र पोरगी दोन भाकरी जास्त खाते, हे अनुसयाच्या ध्यानात आलं, आणि तिने दप्तर खुंटीला टांगलं.

नवरा गजेंद्र सुरतेच्या उधन्यात पॉवरलूमवर माग चालवायचा. पाळी संपवून घरी आला की त्याच्या कानात तासभर खडखडाटच असायचा, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. अनुसयाने दोनदा सांगितलं, "मी शिकाडसू तिले घरमा."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तू दहावी पास शे," तो म्हणाला. "शिकाड."

ओकणं आठवड्याभरात थांबलं. पण चाळीतल्या बायकांच्या जिभा काही थांबल्या नाहीत. पोरगी आजारी आहे का, लग्न ठरवलंय का, नापास झाली का. अनुसया कुणाला ताप सांगायची, कुणाला गावाला जायचंय म्हणायची. खरं सांगायला तिच्याकडे शब्दच नव्हता.

तो शब्द तिला भाजीबाजारात मिळाला. शहाण्णव सालचे दिवस होते. दोन वर्षांपूर्वीच्या प्लेगनंतर सुरत नुसती झाडूनपुसून काढलेली, बाजारसुद्धा लख्ख. भर दुपारी, शाळेच्या वेळेला, अनुसया गायत्रीकडून वांग्यांचा हिशेब करून घेत होती. शेजारी चष्मा लावलेली एक बाई उभी होती. तिचा मुलगा भाजीवाल्याला विचारत होता, "काका, तराजूचा काटा मध्येच का थांबतो?"

दोन्ही बायकांनी आधी एकमेकींच्या मुलांकडे पाहिलं आणि मग एकमेकींकडे.

"तुमच्या मुलीला सुट्टी आहे का?" त्या बाईने विचारलं.

अनुसयाच्या ओठांवर नेहमीचं 'ताप आहे' आलं होतं, पण बाईच्या आवाजात खोचकपणा नव्हता. "नाही," ती म्हणाली. "शाळेतून काढलीय."

"म्हणजे घरीच शिकते! आमचा अभिजीतही घरीच शिकतो." बाई एवढ्या जोरात म्हणाली की भाजीवाल्याने मान वर केली.

त्या नीलाताई. मूळच्या नाशिकच्या, त्यांचे यजमान प्रभाकर बँकेत, सारख्या बदल्या. दर वेळी नवं गाव, नवी शाळा, नवी भाषा, आणि अभिजीतचे न संपणारे प्रश्न. "मला शिकवायला आवडतं, त्याला विचारायला आवडतं," त्या म्हणाल्या. "शाळेत त्याला गप्प बस म्हणायचे. मग म्हटलं, घरीच बोलूया." दोघी उन्हात बोलत उभ्या राहिल्या आणि अनुसयाच्या पिशवीतली कोथिंबीर पार माना टाकून बसली.

त्यानंतर बुधवारी आणि शनिवारी गायत्री नीलाताईंच्या घरी जाऊ लागली. लवकरच तिसरं घर येऊन मिळालं. गोडादऱ्याच्या इंदुबाई आणि त्यांचा नवरा गणपत घरी शिवणकाम करायचे. त्यांच्या लोटूच्या दोन्ही पायांत पोलिओ, आणि त्याचा वर्ग शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर. बाप दोन वर्षं त्याला पाठीवर घेऊन जिने चढला, मग बापाचीच कंबर धरली. लोटू कुबड्या घेऊन चालायचा आणि तोंडाने धावायचा. पहिल्याच दिवशी त्याने नीलाताईंना विचारलं, "तुमच्याकडे छडी आहे की मी आणू?"

असा त्यांचा मेळ जमला. नीलाताई गणित आणि इंग्रजी घेत. गणपतभाऊ टेप देऊन मापं घ्यायला लावत. मुलांनी बँकेतून आलेल्या प्रभाकररावांचं पोटसुद्धा मोजलं. अनुसयाकडे मराठी वाचन आणि गाणी. सुरुवातीला ती दबकत बोलायची. आपल्या बोलण्यात अहिराणी डोकावते म्हणून नीलाताईंपुढे तिला लाज वाटायची. पण अभिजीतची धाकटी बहीण अमृता खानदेशातली गाणी तोंडपाठ करून सोसायटीभर म्हणत सुटली, आणि नीलाताईच एक दिवस म्हणाल्या, "अहो, मलाही शिकवा ना ते आखाजीच्या सणाचं गाणं." कुणी आजारी पडलं तर दुसरीच्या घरून डबा यायचा. इंदुबाईंच्या शिवणाची घाई असली की लोटू दिवसभर अनुसयाकडे. सुभद्राबाई त्याला आधी नाक मुरडून जेवायला वाढायच्या, मग नुसतंच वाढू लागल्या, मग तो नाही आला की विचारू लागल्या, "तो बोलका पोऱ्या कथा गया?"

जानेवारी उजाडला आणि गल्लीतली मुलं रंगवलेल्या मिशा नि चमचमत्या ओढण्या घालून गॅदरिंगला जाऊ लागली. गायत्री दारात उभी राहून त्यांच्याकडे बघायची. विषय काढला अमृताने. शनिवारी पाढे म्हणता म्हणता तिने विचारलं, "आई, आपलं गॅदरिंग कधी?"

नीलाताईंनी अनुसयाकडे बघितलं. अनुसयाने इंदुबाईंकडे. "करायचं का?" इंदुबाई म्हणाल्या, आणि त्या क्षणी घरात जो गोंधळ उसळला त्यात पाढे वाहून गेले.

मुलांनी नाटक स्वतःच रचलं. सुरतेच्या बाजारात जनावरं साड्या घ्यायला येतात. उंदराला साडी लांब पडते, हत्तिणीला आखूड, आणि उंटाला कुबडावर पदर कसा घ्यायचा तेच कळत नाही. उंट कोण? "मी," लोटू म्हणाला. "माझे दोन आणि कुबड्यांचे दोन, झाले चार पाय. तुमच्यापैकी कुणाकडे आहेत?"

प्रश्न जागेचा होता. नीलाताईंची सोसायटी नाटकाला तयार नव्हती, चाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी गजेंद्र भीतभीत आपल्या शेठकडे गेला. सुट्टीच्या दिवशी दुपारी कारखाना मिळेल का, नाटक करायचंय.

"नाटक? एमां कोण कोण छे?" शेठने विचारलं.

"छोकरां छे, शेठ. अमारां."

शेठने चष्मा काढून पुसला. "तो मने पण बोलावजो," तो म्हणाला.

घोडं अडलं ते नाटकातल्या दुकानदारावर. नाटकभर सगळ्यात जास्त बोलायचं ते दुकानदाराने. अनुसयाने पात्रं वाटताना अभिजीतला दुकानदार, अमृताला उंदीर आणि गायत्रीला हत्तीण केलं होतं. हत्तिणीला फक्त डुलायचं, सोंड हलवायची आणि शेवटी एकदा शिंकायचं. गायत्रीने मान डोलावली आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली.

त्या दिवशी तालीम नीलाताईंकडे होती. मुलं अंगणात गेल्यावर त्या म्हणाल्या, "अनुसया, तिला दुकानदार व्हायचंय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? सगळ्यांचे संवाद तिलाच पाठ आहेत. अभिजीत विसरला की तीच ओठ हलवते."

"नको ताई."

"एकदा करून तर—"

"तुमच्या पोराला कुणी हसलं नाही!" अनुसयाचा आवाज फाटला. "मी मोरी धुतलीय रोज सकाळी. तुम्ही नाही."

नीलाताईंनी हातातली वही मिटली. इंदुबाईंनी हातातलं शिवण खाली ठेवलं. अनुसयाने पिशवी उचलली, गायत्रीला हाक मारली आणि ती निघाली. रेल्वे फाटकापाशी गाडी जायची वाट बघत उभ्या असताना गायत्रीने आईचा पदर ओढला.

"आई, मी ह-हत्तीण छान करते."

"हो गं."

"पण दुकानदार जास्त छ-छान करते."

"आणि अडखळलीस तर?"

गायत्रीने विचार केला. मालगाडी संपता संपत नव्हती. "म-मी तर रोजच अडखळते," ती म्हणाली. "घरी कुणी उ-उठून जातं का?"

अनुसयाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. फाटक उघडलं, माणसं सायकली ढकलत पुढे निघाली, पण ती वळली आणि पोरीचा हात धरून उलट नीलाताईंच्या घराकडे चालू लागली. दार नीलाताईंनीच उघडलं. अनुसया माफी मागणार तोच त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं. आग्रह धरण्याआधी मी तुझं नीट ऐकून घ्यायला हवं होतं. आत ये, चहा टाकते." मग चहा झाला, गायत्री दुकानदार झाली, अभिजीत उंदीर, आणि हत्तिणीचं काम अमृताला मिळालं. ती मंडळीत सगळ्यात लहान आणि सगळ्यात बारीक होती, त्यामुळे नाटक आणखीच मजेदार झालं.

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून कारखान्यात लगबग. गजेंद्र आणि त्याचा सोबती दगा यांनी मागांवरची रुई झाडली, तेलाचे डाग पुसले. गणपतभाऊंनी रंग न चढलेल्या कोऱ्या कापडाचा पडदा शिवला. मागांच्या दोन रांगांमध्ये सतरंज्या अंथरल्या. प्रभाकररावांनी बँकेतले सहकारी आणले, दगाने नवागामच्या वस्तीतून आपले खानदेशी गाववाले आणले, चाळीतल्या बायका तर न बोलावता आल्या. शेठ खरोखरच आला, सोबत त्याची आई. सुभद्राबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसल्या आणि त्यांनी शेठच्या आईला बाजूला जागा करून दिली.

पडदा अर्धा उघडला आणि अडकला. दगाने हिसका दिला, तेव्हा सगळाच खाली आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे अनुसया एका मागाला पाठ टेकून उभी होती. नीलाताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

अभिजीत उंदीर झाला होता. त्याने साडी इतकी गुंडाळली की तो तिच्यात दिसेनासा झाला. हत्तीण बघून तर शेठची आई तोंडाला पदर लावून डुलायला लागली. आणि मग उंट आला. खट्, खट्, कुबड्यांचे पाय पुढे, आपले पाय मागे, पाठीवर उशी बांधलेली, मान अशी वर की सगळ्या सुरतेवर उपकार करतोय. लोक हसले, पण ते उंटाला हसले. लोटूने थांबून त्यांना पुरेसं हसू दिलं, मग तो म्हणाला, "शेठ, साडी दाखवा. कुबडावर शोभेल अशी."

दुकानदार गादीवर बसला होता. डोक्यावर काळी टोपी, कानावर पेन्सिल. त्याने तोंड उघडलं.

"क—"

शब्द आला नाही.

"क— क—"

मागून कुठल्याशा पोराचा खुसखुसण्याचा आवाज आला. अनुसयाचे पाय पुढे निघाले. नीलाताईंनी तिचा हात धरला, ओढला नाही, नुसता धरला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला. "दम खाय, माय! गिऱ्हाईक कथा पळी जात नई!"

त्या सुभद्राबाई. नाटकात मध्ये बोलायचं नसतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे हसले. गायत्रीने आजीकडे बघितलं, टोपी नीट केली, छातीभर श्वास घेतला आणि उंटाकडे बोट दाखवून म्हणाली, "ऐ-ऐकलंत ना, उंटदादा? बसा. माझं दुकान हळूच चालतं, पण माल प-पक्का आहे."

हे वाक्य नाटकात कुठेच नव्हतं. लोटूचा जबडा खरोखर खाली आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काय बोलावं ते सुचलं नाही. मग लोक जे हसले, त्यात टाळ्याही होत्या, आणि दगाची शिट्टीही. पुढे गायत्री आणखी बऱ्याचदा अडखळली. 'कांजीवरम'वर तर एवढा वेळ लागला की प्रेक्षकांनीच वाट बघत श्वास धरला, आणि शब्द बाहेर आल्यावर सगळ्यांनी मिळून सोडला. पण तिने एकही वाक्य गाळलं नाही. उंटाने अखेर पदर डोक्यावरून घेतला, हत्तीण शिंकली, आणि उंदीर साडीत सापडेना म्हणून नाटक संपलं.

मग चिवडा, लाडू, चहा. शेठची आई सुभद्राबाईंना गुजरातीत काहीतरी सांगत होती, सुभद्राबाई तिला अहिराणीत उत्तर देत होत्या, आणि दोघींचं छान चाललं होतं. चाळीतली एक बाई म्हणाली, "अनुसये, तू तर म्हणत होतीस पोरीला ताप येतो म्हणून?"

"नाही येत," अनुसया म्हणाली. "ती घरी शिकते. मी शिकवते. म्हणजे आम्ही सगळ्या मिळून शिकवतो."

नवागामातून आलेली एक तरुण बाई मघापासून घुटमळत होती. तिचं कुटुंब सुगीला गावी जायचं, परत येईपर्यंत शाळेतून पोरांची नावं कटलेली असायची. पदराचं टोक पिळत ती पुढे आली. "बाई, मन्ह्या दोन्ही पोरीसले घेशात का तुम्ही?"

अनुसयाने सवयीने नीलाताईंकडे बघितलं. नीलाताई मुद्दाम अमृताची सोंड सोडवण्यात गुंतल्या.

"शनवारे त्यासले लई ये," अनुसया म्हणाली, आपल्या घरच्या बोलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "दप्तर नसलं तरी चालयी. भूक लागनी म्हणजे आमनी आत्याबाई शे."

"काय वं?" सुभद्राबाईंनी तिकडून विचारलं. "आखो पोरं येतस का?"

"दोन पोरी, आत्याबाई."

सुभद्राबाईंनी त्या बाईकडे नीट बघून घेतलं. मग त्या शेजारी बसलेल्या शेठच्या आईकडे वळल्या आणि त्यांनी हातांनी खाणाखुणा करून विचारलं की तुमच्याकडे मोठं पातेलं आहे का.